कोऱ्या रकान्याचं प्रकरण : प्रोग्रॅममधून वेबपान तयार होताना मजकूर कुठे हरवला

पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेच्या अहवालात शिशाचा रकाना कोरा गेला. नमुना देणाऱ्याने फोन करून विचारलं, "शिसं तपासायचे पैसे घेतलेत, मग तपासलं का नाही?" प्रयोगशाळेत नोंदवही काढून पाहिली. तपासणी झाली होती, निकालही नोंदलेला होता: पाण्यातलं शिसं मोजता येईल इतकंही नाही. पिणाऱ्याच्या दृष्टीने याहून चांगला निकाल नाही, आणि नेमका तोच अहवालात उतरला नव्हता.

हा अहवाल म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारं एक वेबपान. पायथनमध्ये लिहिलेला एक प्रोग्रॅम डेटाबेसमधून माहिती उचलून ते तयार करतो. प्रोग्रॅम माझ्याआधी दोघांच्या हातून गेलेला होता. तक्रारी थांबेनात तेव्हा तो माझ्याकडे आला. काम एका दिवसाचं वाटलं होतं. त्यात सात आठवडे गेले. ज्याने कधी कोडमधून एचटीएमएल, म्हणजे वेबपान लिहायची भाषा, छापलं आहे त्याच्या प्रोग्रॅममध्ये याच जातीची चूक कुठेतरी दबून असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून सगळं प्रकरण क्रमाने मांडतो.

आधी एक खुलासा. टॅग म्हणजे पानाच्या रचनेबद्दल ब्राउझरला दिलेली, कोनी कंसांत लिहिलेली सूचना. या लेखात टॅगची नावं देवनागरीत लिहिली आहेत: <टीडी> म्हणजे तक्त्यातला रकाना, <टीआर> म्हणजे त्यातली आडवी रांग. प्रत्यक्ष फाइलमध्ये ही अक्षरं रोमन असतात. हा फरक लक्षात ठेवा, कारण सगळं प्रकरण त्याच्याभोवती फिरतं.

प्रोग्रॅम कसा होता

साधारण अकराशे ओळींची एकच फाइल. पान तयार करायची रीत सरळ: एक रिकामी स्ट्रिंग (अक्षरांची माळ) घ्यायची आणि तिला तुकडे जोडत जायचे. रकान्याची ओळ अशी दिसायची:

पान = पान + "<टीडी>" + निकाल + "</टीडी>"

असं लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही. वेबची सुरुवातच अशी झाली. १९९३ मध्ये एनसीएसए या संस्थेतून सीजीआय, म्हणजे सर्व्हरने प्रोग्रॅम चालवून पान मिळवायची पद्धत, आलं तेव्हा सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमने करायचं ते एवढंच होतं, मजकूर छापायचा. पर्ल या भाषेत सीजीआयच्या मॉड्यूलने टॅगच्या नावांची फंक्शन्स दिली, म्हणजे कंस आणि तिरक्या रेघा हाताने लिहाव्या लागेनात. पण आतल्या मजकुराची जबाबदारी बव्हंशी लिहिणाऱ्यावरच राहिली. पुढे त्याच मॉड्यूलच्या माहितीपत्रकात ती फंक्शन्स आता वापरू नका, टेम्प्लेट (पानाचा तयार साचा) वापरा, असं लिहिलं गेलं आणि २०१५ च्या पर्ल ५.२२ पासून मॉड्यूल मूळ संचातून बाहेर पडलं. पीएचपी या भाषेने उलटा मार्ग धरला: पान आधी लिहायचं, त्यात मधेमधे कोड पेरायचा. रीत कोणतीही असो, शेवटी तारेवरून जाते ती अक्षरांची एक लांबलचक माळ. ती वाचताना ब्राउझर काय करतो, हे लिहिणाऱ्याला दिसत नाही.

रकान्यात नेमकं काय घडलं

डेटाबेस पाहिला, निकाल जागच्या जागी. पहिल्या तक्रारीतल्या पानाचा सोर्स उघडला, तिथेही निकाल होता! ओळ अशी:

<टीडी><एलओक्यू</टीडी><टीडी>मिग्रॅ/लि</टीडी>

एलओक्यू म्हणजे ज्याच्या खाली उपकरण खात्रीने आकडा सांगू शकत नाही ती मर्यादा. तिच्याआधीचं < हे चिन्ह म्हणजे "त्याहून कमी". प्रयोगशाळेत हे रोजचं लिखाण आहे. आधी तिथे "<०.००५" असा आकडा यायचा आणि तो वर्षानुवर्षं पानावर व्यवस्थित दिसत होता. नवं उपकरण आलं, त्याच्या फाइलमध्ये आकड्याऐवजी ही तीन रोमन अक्षरं यायला लागली, आणि रकाने कोरे पडू लागले.

< तेव्हाही होतं आणि आताही आहे. मग आकडा दिसतो आणि अक्षरं गायब, हे कसं? याचं उत्तर मिळवायला मी एचटीएमएलच्या मानकातला पार्सरचा (ब्राउझरमधल्या, मार्कअप वाचून टॅग आणि मजकूर ओळखणाऱ्या यंत्रणेचा) भाग घेऊन बसलो आणि ही ओळ एकेक अक्षराने चालवून पाहिली.

पार्सर मजकूर वाचत असतो. < दिसलं की तो थबकतो आणि पुढचं अक्षर पाहतो. ते अंक असेल, मोकळी जागा असेल, देवनागरी अक्षर असेल, तर हा टॅग असू शकत नाही असं ठरवून तो < ला साधा मजकूर समजतो. म्हणून "<०.००५" तगून राहिलं. पुढचं अक्षर साधं रोमन असेल तर मात्र टॅगचं नाव सुरू झालं. आपल्या ओळीत तो एल, ओ, क्यू वाचतो. पुढे पुन्हा < येतं. नाव वाचताना < ला काही खास अर्थ नसतो, म्हणून तेही नावात जातं. मग / येतं, इथे नाव संपतं. / नंतर > असायला हवं होतं, आलं टी. पार्सर / सोडून देतो आणि टीडी हे ॲट्रिब्यूटचं, म्हणजे टॅगमध्ये लिहिलेल्या गुणधर्माचं, नाव म्हणून घेतो. शेवटी > येतं आणि टॅग पूर्ण होतो. हाती काय लागलं? "एलओक्यू<" नावाचा, जगात कुणी न पाहिलेला एक एलिमेंट (टॅगने बनणारा पानाचा घटक), त्याला टीडी नावाचं ॲट्रिब्यूट, आणि आत काहीच नाही. दाखवण्यासारखं काही उरलंच नाही.

रकान्याचा शेवटचा टॅगही यात खाल्ला गेला. पण पुढे लगेच नवा <टीडी> येतो, आणि नियम असा की नवा रकाना सुरू झाला तर उघडा राहिलेला आपोआप बंद करायचा. त्यामुळे तक्ता हलला नाही, रांग सरकली नाही. सोर्समध्ये निकाल आहे, ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमध्ये (पानाची रचना दाखवणाऱ्या साधनात) तो विचित्र एलिमेंट आहे, आणि वाचणाऱ्यासमोर एक स्वच्छ, कोरा चौकोन. तक्ता फाटला असता तर पहिल्याच दिवशी कुणीतरी आरडाओरडा केला असता.

एकाही ब्राउझरने चूक दाखवली नाही, आणि सगळ्यांनी ती अगदी सारखीच गिळली. एके काळी चुकलेलं एचटीएमएल कसं वाचायचं हे प्रत्येक ब्राउझर आपापल्या परीने ठरवायचा. २००४ मध्ये सुरू झालेल्या व्हॉटडब्ल्यूजी या गटाने चुकलेल्या मार्कअपचं (टॅग घालून लिहिलेल्या मजकुराचं) काय करायचं तेही अक्षरागणिक लिहून काढलं, आणि २०१४ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबच्या मानकसंस्थेचं एचटीएमएल ५ प्रसिद्ध झालं त्यात तो भाग होता. त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. त्याच्यामुळेच मला हे उत्तर कागदावर सापडलं. पण त्याचा एक अर्थ असाही होतो की ब्राउझरच्या तक्रारीची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

दुरुस्त्यांवर दुरुस्त्या

माझ्याकडे काम यायच्या आधी एकाने झटपट उपाय केला होता. निकालाच्या रकान्यात & च्या जागी &एएमपी; आणि < च्या जागी &एलटी; लिहायचं. मार्कअपमध्ये < हे अक्षर म्हणून दाखवायचं तर असंच लिहावं लागतं, म्हणजे उपाय बरोबर होता; फक्त तो एकाच जागी होता. तुलनेच्या तक्त्यात आणि मागील निकालांच्या यादीत रकाने कोरेच राहिले.

मग दुसरी तक्रार आली. नमुन्याच्या नावावर माउस नेला की पूर्ण वर्णन दिसायचं. ते टायटल या ॲट्रिब्यूटमध्ये ठेवलेलं होतं. एका वर्णनात अर्ध्या इंची पाइपचा उल्लेख होता, इंचाची खूण म्हणजे दुहेरी अवतरण चिन्ह. ॲट्रिब्यूटची किंमत, म्हणजे त्यात ठेवलेला मजकूर, हीही त्याच चिन्हांत लिहिलेली. ब्राउझरच्या लेखी किंमत इंचाच्या खुणेपाशी संपली आणि उरलेले शब्द वेगवेगळी ॲट्रिब्यूट्स झाले.

यानंतर कुणालातरी वाटलं की हे सगळं एकदाच, डेटा आत येतानाच, करून टाकावं. उपकरणाची फाइल वाचतानाच चिन्हं बदलायची आणि बदललेलं रूप डेटाबेसमध्ये ठेवायचं. हा उपाय आकर्षक वाटतो, आणि माझ्या मते या सगळ्यात तोच सर्वांत घातक. डेटाबेसमधून स्प्रेडशीटसाठी फाइल निघायची, तिच्यात आता "&एलटी;एलओक्यू" येऊ लागलं. पानावरच्या जुन्या दुरुस्तीने & ला पुन्हा बदललं, त्याचं &एएमपी;एलटी; झालं, आणि ग्राहकाला निकालाच्या जागी &एलटी; ही अक्षरंच वाचायला मिळाली. कोणती नोंद बदललेली आहे आणि कोणती मुळातली, हे डेटाबेसकडे पाहून सांगता येईना.

सगळ्यात जास्त वेळ मात्र एका वेगळ्याच प्रकाराने घेतला. अहवालाच्या यादीत "बोअरवेल" या नावाच्या जागी "बोअरव" एवढंच यायचं आणि त्यापुढे डोक्यावर तिरकी रेघ असलेलं एक परदेशी आय. तो परका आय कुठून येतो, हे दोन दिवस कळेना.

शोध लागला तो असा. पहिल्या लेखकाने देवनागरी सुरक्षित राहावी म्हणून प्रत्येक अक्षराचं आकडी रूप करून ठेवलं होतं. एके काळी एन्कोडिंगचे, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवण्याच्या पद्धतींचे, घोळ इतके असत की तो उपाय शहाणपणाचाच होता. ब साठी &#२३४८; असं लिहिलं जायचं, अर्थात रोमन आकड्यांत. म्हणजे पडद्यावरच्या एका अक्षरासाठी किंवा मात्रेसाठी सात चिन्हं. दुसऱ्या लेखकाने यादी आटोपशीर दिसावी म्हणून नाव चाळीस चिन्हांवर कापलं. साता-पाचा पस्तीस: ब, ओकार, अ, र, व. उरली पाच चिन्हं. पुढचा एकार म्हणजे &#२३७५; यातली पहिली पाच चिन्हं आत आली, &#२३७. शेवटचा अर्धविराम नसला तरी ब्राउझर आकडी रूप ओळखतो, आणि २३७ क्रमांकावर तो परका आय आहे. आकडी रूप करणाऱ्याचं चुकलं नव्हतं, कापणाऱ्याचंही हिशेबाने बरोबर होतं. पण एकाने मजकुराचं मार्कअप करून ठेवलं आणि दुसऱ्याने ते मजकूर समजून कापलं.

मूळ दुखणं

इथे मला पहिल्यांदा पूर्ण चित्र दिसलं. या प्रोग्रॅममध्ये दोन वेगळ्या वस्तू एकाच कपड्यांत वावरत होत्या. एक मजकूर: माणसाने लिहिलेला, जसाच्या तसा दिसायला हवा असलेला. दुसरं मार्कअप: ब्राउझरला दिलेल्या सूचना. पायथनच्या लेखी दोन्ही स्ट्रिंग. जोडा, कापा, बदला, भाषा एका शब्दाने अडवत नाही. हातातली स्ट्रिंग कोणत्या जातीची आहे हे फक्त लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतं, आणि लिहिणारा बदलला की ते ज्ञान जातं.

हाच घोळ सुरक्षेच्या भाषेत क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग म्हणून ओळखला जातो. फेब्रुवारी २००० मध्ये सर्ट या संस्थेने त्याबद्दल जाहीर सूचना काढली होती. ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेस या सोशल साइटवर सॅमी नावाचा वर्म (आपोआप पसरणारा घातक कोड) एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक खात्यांत पसरला, तोही वापरकर्त्याने लिहिलेल्या मजकुरातला कोड ब्राउझरने सूचना म्हणून चालवल्यामुळेच.

हे मला वाचून ठाऊक होतं. आपल्या प्रोग्रॅमशी त्याचा संबंध जोडायला मात्र उशीर लागला, आणि ते मला अजून खटकतं. नमुन्याचं नाव ग्राहक स्वतः ऑनलाइन अर्जात भरायचे. ते नाव प्रयोगशाळेतल्या माणसांच्या ब्राउझरमध्ये उघडायचं, जिथून सगळ्यांचे अहवाल दिसतात. चाचणीच्या प्रतीवर मी नावाच्या जागी चित्राचा टॅग लिहिला, चित्र सापडलं नाही तर चालणारा एक ओळीचा कोड त्यात घातला. पान उघडलं आणि तो कोड चालला. कोऱ्या रकान्याच्या तक्रारीआड इतकं मोठं भगदाड होतं. प्रयोगशाळेच्या मॅडमना मी लगेच सांगितलं, आणि काम पूर्ण होईपर्यंत ऑनलाइन अर्ज बंद ठेवायचा निर्णय त्यांनी त्याच संध्याकाळी घेतला.

कोणती वाट धरायची

सर्वांत जवळची वाट: जिथे जिथे मजकूर जोडला जातो तिथे एस्केप करणारं, म्हणजे खास चिन्हांच्या जागी &एलटी; सारखी रूपं लिहिणारं, फंक्शन लावायचं. पायथनमध्ये ते तयार मिळतं. पण शेकडो जागांपैकी एक सुटली की संपलं. शिवाय हे फंक्शनही पारखून घ्यावं लागतं. पायथनचं जुनं सीजीआय मॉड्यूलमधलं एस्केप सांगितल्याशिवाय अवतरण चिन्हांना हात लावायचं नाही, ३.२ मध्ये नवं फंक्शन आलं आणि जुनं ३.८ मध्ये काढून टाकलं. पीएचपीमध्ये २०२१ च्या ८.१ आवृत्तीपर्यंत त्याच कामाचं फंक्शन एकेरी अवतरण चिन्ह तसंच सोडायचं. ॲट्रिब्यूटची किंमत एकेरी चिन्हांत लिहिण्याची सवय असलेल्याला हे महागात पडू शकतं.

दुसरी वाट टेम्प्लेटची, आणि बहुतेक कामांसाठी मी तीच सुचवेन. पान जवळजवळ जसंच्या तसं लिहिलेलं असतं, मजकुराच्या जागा राखलेल्या असतात आणि त्या भरताना एस्केप आपोआप होतं. वेबसाइट बनवायच्या चौकटींपैकी जँगोने २००८ च्या १.० आवृत्तीत आणि रेल्सने २०१० च्या ३.० आवृत्तीत हे मुळातच सुरू ठेवलं. जिंजा हे पायथनचं टेम्प्लेट-साधन वापरणाऱ्यांनी इथे सावध राहावं: तो स्वतंत्रपणे वापरला तर आपोआप एस्केप करणं मुळात बंद असतं, आपण सुरू करावं लागतं. फ्लास्क या चौकटीतून वापरणाऱ्याला ते एचटीएमएल फाइलसाठी सुरू असलेलं मिळतं, म्हणून तिथे शिकलेला माणूस बाहेर फसतो.

आम्ही तिसरी वाट घेतली: स्ट्रिंग तयारच करायची नाही, आधी झाड उभं करायचं. एलिमेंट म्हणजे एक ऑब्जेक्ट, त्याची ॲट्रिब्यूट्स, त्याची मुलं. मूल एक तर दुसरा एलिमेंट किंवा साधी स्ट्रिंग, आणि स्ट्रिंग म्हणजे कायम मजकूरच. सगळं झाड तयार झाल्यावर शेवटी एकच फंक्शन त्याचं मार्कअप करतं. सगळ्या प्रोग्रॅममध्ये < हे चिन्ह लिहिण्याचा हक्क फक्त त्या फंक्शनला. फेसबुकने २०१० मध्ये खुल्या केलेल्या एक्सएचपीमागे आणि पुढे २०१३ मधल्या रिॲक्टच्या जेएसएक्समागे हाच विचार आहे. तिथे टॅगसारखं दिसणारं लिखाण मुळात ऑब्जेक्ट बनवणारा कोड असतो.

टेम्प्लेट सोडून झाड निवडण्याला एक व्यवहारी कारण होतं. अहवालात एका नमुन्याच्या पाच-सहा तपासण्या असतात आणि नमुन्याचा रकाना तितक्या रांगांवर पसरलेला असतो. रांगा किती, हे त्या गाळून झाल्यावरच कळतं. स्ट्रिंगमध्ये आधीच लिहून टाकलेल्या रकान्याकडे परत जाता येत नाही, म्हणून जुना प्रोग्रॅम सगळं दोनदा मोजायचा आणि कधीकधी दोन मोजण्या जुळायच्या नाहीत. झाडात मागे जाऊन त्या रकान्याचं ॲट्रिब्यूट बदललं की झालं. तो भाग ऐंशी ओळींवरून पंचवीसवर आला.

पायथन ३.१४ मध्ये, ऑक्टोबर २०२५ पासून, टी-स्ट्रिंग नावाचा प्रकार आला आहे. त्यात कोडमध्ये लिहिलेला भाग आणि बाहेरून आलेल्या किमती एकमेकांत न मिसळता वेगवेगळ्या हाती येतात. एफ-स्ट्रिंग त्या लगेच चिकटवून टाकते आणि मग कुठला भाग कुणाचा ते कळायचा मार्ग राहत नाही. आज सुरुवात करायची असती तर मी तो प्रकार नक्की विचारात घेतला असता.

झाडावरून मार्कअप

पहिल्या प्रयत्नात मी पायथनसोबत येणारं एक्सएमएलचं (एचटीएमएलसारखीच टॅगांची, पण जास्त कडक नियमांची भाषा) मॉड्यूल वापरलं, एलिमेंटट्री. पान उघडलं तर पूर्ण पांढरं. कारण पाहताच कपाळावर हात मारला. वर आलेख काढणाऱ्या लायब्ररीचा स्क्रिप्ट टॅग होता, आत काही नसलेला. एक्सएमएलच्या रीतीप्रमाणे मॉड्यूलने तो <स्क्रिप्ट … /> असा आखूड लिहिला. एचटीएमएलमध्ये त्या तिरक्या रेघेला तिथे अर्थच नाही. ब्राउझरने स्क्रिप्ट उघडली असं धरलं आणि पुढचं सगळं पान स्क्रिप्टच्या पोटात घातलं. उलट बीआर, आयएमजी, इनपुट, मेटा यांसारख्या टॅगना शेवटचा टॅग कधीच नसतो. म्हणजे "रिकामा आहे" आणि "रिकामाच असतो" हे दोन वेगळे प्रकार झाले, आणि मार्कअप लिहिणाऱ्या फंक्शनला ती यादी तोंडपाठ हवी. त्या मॉड्यूलला एचटीएमएलची पद्धत वापर असं सांगता येतं, पण त्यात टॅगनंतर येणारा मजकूर त्याच टॅगच्या शेपटीला बांधून ठेवायची रीत आहे. तिच्यावर विचार करताना मी आणि माझी सहकारी, आम्ही दोघंही सतत चुकत होतो. शेवटी स्वतःचं फंक्शन लिहिलं, साठेक ओळींचं. मजकुरात &, < आणि > बदलायचे, ॲट्रिब्यूटमध्ये त्यांच्या जोडीला अवतरण चिन्हं. तुकडे यादीत गोळा करून शेवटी एकदाच जोडायचे.

दोनच दिवसांत आलेखावर "&एलटी;एलओक्यू" असं नाव झळकलं. आलेखाचा डेटा स्क्रिप्टच्या आत जेसन (डेटा मजकुराच्या रूपात लिहायची एक पद्धत) म्हणून लिहिला जात होता, आणि स्क्रिप्टच्या आत पार्सर &एलटी; उलगडत नाही, अक्षरं जशीच्या तशी जाऊ देतो. मग तिथे काहीच बदलायचं नाही म्हणावं, तर कुणी नमुन्याच्या नावातच </स्क्रिप्ट> लिहिलं की स्क्रिप्ट तिथेच संपते. ते शब्द जेसनच्या अवतरण चिन्हांत आहेत याची पार्सरला पर्वा नसते. जेसनमध्ये < ऐवजी त्याचा युनिकोड क्रमांक लिहून हे टाळता येतं, आणि पुष्कळ ठिकाणी तसंच करतात. आम्ही डेटा स्क्रिप्टमधून बाहेर काढला आणि आलेखाच्या एलिमेंटवर एका डेटा-ॲट्रिब्यूटमध्ये ठेवला. ॲट्रिब्यूटमध्ये पार्सर सगळं नीट उलगडतो, त्यामुळे वेगळा नियम लागत नाही. स्क्रिप्टच्या आत बाहेरचा मजकूर लिहायची सोयच आमच्या फंक्शनमधून काढून टाकली.

लिंकचं मात्र एस्केपने भागत नाही. ग्राहकाने दिलेला पत्ता जावास्क्रिप्ट हा शब्द आणि अपूर्णविराम असा सुरू होत असेल, तर त्यात बदलण्यासारखं चिन्ह एकही नसतं आणि क्लिक केल्यावर कोड चालतो. त्यामुळे पत्ता एचटीटीपी किंवा एचटीटीपीएसने सुरू होत नसेल तर लिंक न करता नुसता मजकूर छापायचा, असं ठरवलं.

पडताळणी

जुनं पान आणि नवं पान स्ट्रिंग म्हणून जुळवण्यात अर्थ नव्हता. दोन्ही पानं मानकाप्रमाणे वाचणाऱ्या एचटीएमएलफाइव्हलिब या पायथनच्या पार्सरमधून काढली आणि तयार होणारी झाडं जुळवली. माझ्या सहकारीने इथे एक भर घातली, आणि माझ्या मते सगळ्या कामातली ती सर्वांत मोलाची: आपण कोडमध्ये उभं केलेलं झाड आणि त्याच्या मार्कअपवरून पार्सरला दिसणारं झाड हेही जुळवायचं. दोन्ही सारखी नसतील तर आपण मनात एक लिहितोय आणि ब्राउझर दुसरंच वाचतोय.

पहिल्याच दिवशी दोन गोष्टी निघाल्या. तक्त्यात रांगा थेट लिहिल्या तर पार्सर स्वतःहून मधे <टीबॉडी> घालतो. तो आम्ही लिहू लागलो. दुसरी जास्त बोलकी. शेरा एका परिच्छेदाच्या म्हणजे <पी> च्या आत <डिव्ह> ठेवून लिहिला जायचा. <डिव्ह> दिसताच पार्सर परिच्छेद बंद करतो, मग शेवटी आलेल्या </पी> ला जोडीदार उरत नाही, आणि नियमाप्रमाणे त्याच्यासाठी एक रिकामा परिच्छेद तयार होतो. शेरा आणि सहीच्या मधे पहिल्यापासून एक मोकळी पट्टी होती. ती घालवण्यासाठी कुणीतरी स्टाइलशीटमध्ये उणे मार्जिन देऊन सही वर ओढली होती, आणि छापताना ती सही कधीकधी शेऱ्यावर चढायची. <पी> च्या जागी <डिव्ह> केला, ते मार्जिन काढलं, दोन्ही प्रश्न सुटले.

देवनागरीचं आकडी रूप करणं बंद केलं. यूटीएफ-८ मध्ये एक अक्षर तीन बाइटांत बसतं. एन्कोडिंग सांगणारा मेटा टॅग फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटांत यायला हवा, म्हणून वर असलेली प्रोग्रॅमच्या आवृत्तीची लांबलचक टीप खाली हलवली. नाव कापणं आता झाड बनायच्या आधी, मजकुरावरच होतं.

डेटाबेसमधल्या अर्ध्या बदललेल्या नोंदी निस्तरणं कंटाळवाणं होतं. सुदैवाने उपकरणाच्या मूळ फाइली जपून ठेवलेल्या होत्या, म्हणून निकाल पुन्हा त्यांवरूनच भरले; कोणतीही नोंद अंदाजाने उलटी फिरवली नाही.

एक दार उरलं होतं. तपासणी-पद्धतीच्या टिपांमध्ये रासायनिक सूत्रांचे खालचे-वरचे आकडे असतात, आणि त्या टिपा संपादकातून मार्कअप म्हणूनच साठवल्या जातात. त्यांच्यासाठी "हे तयार मार्कअप आहे, तसंच जाऊ दे" अशी पळवाट ठेवायचा मोह झाला. तसं केलं नाही. टीप पार्सरमधून वाचायची, सब, सुप, ठळक आणि तिरपा एवढे चारच टॅग ॲट्रिब्यूटशिवाय घ्यायचे, बाकीचे टॅग टाकून आतला मजकूर ठेवायचा, आणि त्यातून आपल्याच झाडाच्या फांद्या बनवायच्या.

नवा प्रोग्रॅम लागू झाल्यावर जुने निकाल पुन्हा चालवून कोरे रकाने गेलेले सगळे अहवाल शोधले. ते ग्राहकांना नव्याने पाठवले, सोबत मॅडमनी स्वतः लिहिलेलं पत्र होतं. त्यांच्या सांगण्यावरून तक्त्याखाली एलओक्यू म्हणजे काय ते दोन ओळींत छापलं जातं. आणि निकालाच्या रकान्यात काहीच आलं नाही, तर प्रोग्रॅम आता कोरा चौकोन छापत नाही. नमुन्याचा क्रमांक सांगतो आणि तिथेच थांबतो.